कल्याण असो

लहानपणी माझी अशी पक्की समजूत होती की, गब्रीएल देवदूताने येशूच्या आईला, मरियेला, कल्याण लोकल मिळो असा आशीर्वाद दिला होता.

तसं वाटायला कारणही होतं. आमच्या मराठी बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात देवदूत आत येतो आणि म्हणतो, "हे कृपा पावलेल्या स्त्रिये, कल्याण असो." माझी मावशी कल्याणला राहायची. तेव्हा ऐरोलीला रेल्वे नव्हती. बसने ठाणे, मग ठाण्याच्या फलाटावर गर्दीत उभं राहायचं. गाडी येताना दिसली की आई डोळे बारीक करून पाटी वाचायची आणि पुटपुटायची, "कल्याण असू दे, डोंबिवली नको." म्हणून 'कल्याण असो' हे मला गाडीच्या पाटीबद्दलचंच वाक्य वाटायचं. शब्बाथ शाळेत बाईंनी विचारलं, देवदूत मरियेला काय म्हणाला? मी हात वर केला आणि सांगितलं, "तिला गाडी मिळू दे."

बाईंनी हे घरी सांगितलं. पप्पा आठवडाभर हसत होते. पुढे मी कुठल्याही परीक्षेला, मुलाखतीला, मुलगी बघायलासुद्धा निघालो की ते दारात उभे राहून म्हणायचे, "कल्याण असो." मी जिना उतरायला लागलो की वरून दुसरा आवाज यायचा, "आणि फास्ट असो!"

बऱ्याच वर्षांनी आमच्या पाळकसाहेबांनी मंडळीतल्या अभ्यासवर्गात हेच वचन घेतलं. नवा करार मूळ ग्रीकमध्ये लिहिला गेला. तिथे देवदूत म्हणतो 'खैरे'. त्या काळच्या ग्रीक बोलणाऱ्या जगात दोन माणसं भेटली की हाच शब्द वापरत. म्हणजे तो त्यांचा नमस्कार. आपण 'राम राम' म्हणताना रामाचा विचार करतोच असं नाही, तसाच तो. पण शब्दाचा मूळ अर्थ आहे: आनंद कर. मराठी भाषांतर करणाऱ्यांनी नमस्काराच्या जागी नमस्कार ठेवला, त्यात काही चुकलं नाही. फक्त आनंद तेवढा गाडीतून खाली राहिला.

मग लक्षात येतं की हा शब्द शुभवर्तमानात भलत्याच लोकांच्या तोंडी आहे. येशूला काट्यांचा मुकुट घालून शिपाई त्याच्यापुढे गुडघे टेकतात आणि थट्टेने त्याला यहूद्यांचा राजा म्हणून मुजरा करतात, तिथेही हाच शब्द. आणि मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात, रविवारी पहाटे कबरेकडून धावत निघालेल्या बायका घाबरलेल्या आणि हरखलेल्या आहेत, समोर येशू येतो, तेव्हा तो त्यांना जे म्हणतो तोही हाच शब्द. मरणातून उठलेल्या माणसाने काहीतरी भारदस्त बोलावं अशी आपली अपेक्षा असते. हा आपला नाक्यावर भेटल्यासारखा नमस्कार करतो.

अभ्यासवर्गातून घरी येताना मी हे पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मी इतकी वर्षं तुला बरोबरच सांगत होतो."

*

मराठीत आनंद होतो, वाटतो. पाऊस पडावा तसा तो आपोआप येतो, आपण फक्त भिजायचं. फार तर 'आहे त्यात आनंद मानतो' म्हणतात, आणि त्यातही बारीकशी कुरकुर असते. आणि कुणी नुसतं "आनंदच आहे!" म्हणालं तर समजावं की लिफ्ट बंद आहे, पाणी गेलंय आणि वायरमन फोन उचलत नाही. आपण एकमेकांना 'मजा करा' म्हणतो. 'आनंद करा' असं कुणी कुणाला म्हणताना मी ऐकलेलं नाही.

बायबल मात्र म्हणतं. आमच्या घरात फ्रिजच्या वर एक फ्रेम आहे, नगर जिल्ह्यातल्या आजीच्या घरून आलेली. त्यात फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन आहे: "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा." अक्षरांभोवती कुणीतरी कागदी गुलाब चिकटवले होते. ते आता चहाच्या रंगाचे झालेत.

खरं सांगायचं तर या वचनाचा मला कित्येक वर्षं राग यायचा. आनंदाची ऑर्डर कशी काढता येईल? शिवाय ती दोनदा, जणू पहिल्या वेळी आम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आणि मंडळीत काही चेहरे असे असतात की ते हे वचन कपाळावर लावूनच फिरतात. विचारलं, कसे आहात? "प्रभूच्या कृपेने आनंदात!" मुलगा बारावीत नापास झालाय, बायकोशी सहा महिने अबोला आहे, पण हे आनंदात. अशा माणसाशी आपलं रडगाणं बोलायची सोयच राहत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली उलट्या टोकाच्या लोकांना एक टोला हाणला होता: काही ख्रिस्ती लोकांचं आयुष्य म्हणजे ज्याला ईस्टरच नाही असा लेंत, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ. तो मला पटतो. पण गुड फ्रायडे वगळून थेट ईस्टरची मिठाई वाटत फिरणारे लोकही मी पाहिलेत, आणि लेंतवाल्यांपेक्षा मला त्यांचीच जास्त भीती वाटते.

आजीच्या घरात आनंदाचा विषय निघाला की लक्ष्मीबाई टिळकांचं नाव निघायचं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं आमच्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात आहेतच, ती आम्ही पोटातून म्हणतो. पण आजीला वाचायला आवडायच्या त्या लक्ष्मीबाई. १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई मागे राहिल्या, नवरा जिवंत असून नसल्यासारखा. त्या दिवसांचं त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहिलंय, आणि वाचणारा हसतो. मग पानभर पुढे गेल्यावर त्याला कळतं की आपण ज्याला हसलो तो केवढा घाव होता. मी आनंदी होते असं त्या कुठे सांगत बसत नाहीत. आजी पुस्तक मांडीवर पालथं ठेवून डोळ्याला पदर लावायची, आणि तो हसल्याने लावलाय की रडल्याने हे आम्हाला ओळखता यायचं नाही.

*

पप्पा २०१८च्या नोव्हेंबरात गेले. रबाळ्याच्या एका कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं फिटर म्हणून काढली होती, रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. रात्री जेवले, "उद्या गॅसवाला येईल" म्हणाले, झोपले. सकाळी गॅसवाला आला.

घरच्या प्रार्थनेला आमचे पाळकसाहेब बाहेरगावी होते, म्हणून ओळखीतून एक प्रवचनकार आले. आवाज मोठा, हातात टॅबलेट. त्यांनी आम्हाला रडू नका म्हणून सांगितलं. इथवर ठीक, सगळेच सांगतात. पुढे ते म्हणाले, दुःख करणं हे अविश्वासाचं लक्षण आहे, ज्याला पुनरुत्थानाची खात्री आहे त्याच्या घरात आज आनंद दिसला पाहिजे. मग त्यांनी टाळ्यांचं गीत धरलं. बरोबर ढोलकीवाला आणलेला होता.

मी टाळ्या वाजवल्या. समोरच्या ब्लॉकमधल्या काकू, ज्यांनी पहाटेपासून आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून पंचवीस जणांचा चहा केला होता, त्या दारात ट्रे घेऊन थबकल्या. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. आई शवपेटीशेजारी बसली होती, हात मांडीवर, तळवे वर. तिने टाळी वाजवली नाही, आणि ती रडायचीही थांबली नाही. गीताच्या तालाशी तिचा हुंदका अजिबात जुळत नव्हता, त्यामुळे तो जास्तच ऐकू येत होता.

नंतर दोघातिघांनी माझा हात दाबून सांगितलं, "चांगली साक्ष दिलीत." मला वाटलं, आपण पप्पांच्या उशाशी उभं राहून खोटं बोललो.

*

जानेवारीत वारसाच्या कागदांसाठी ठाण्याला कोर्टनाक्यावर खेटे सुरू झाले. वकील अकरा वाजता बोलवायचे आणि दीडला भेटायचे. तेवढा वेळ मी त्या भागात फिरत राहायचो. सेंट जेम्स चर्च तिथून लांब नाही. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी १८२५ साली त्याचं पवित्रीकरण केलं होतं. हेबर स्वतः गीतकार, त्यांचं त्रैक्याच्या रविवारचं गीत जगभर म्हणतात. ते पुढच्याच वर्षी, बेचाळिसाव्या वर्षी, तिरुचिरापल्लीला वारले. हे सगळं मला पप्पांनी सांगितलेलं, एकदा सिव्हिल हॉस्पिटलला कुणाला तरी बघून परत येताना. शेवटी म्हणाले होते, "बघ, माणूस ठाण्याला आला आणि संपला," आणि आपल्याच विनोदावर खूष झाले होते.

आणि तिथेच जेल. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला, इंग्रजांच्या काळात त्याचा तुरुंग झाला, आजही आहे. बाहेर भेटीला आलेल्या माणसांची रांग असते. बहुतेक बायका. हातात कापडी पिशव्या, आधार कार्डाची झेरॉक्स, कडेवर मूल. एका बाईने पिशवीतून नवी कोरी बनियन काढली, घडी उलगडून पाहिली, परत तशीच घालून ठेवली. हे तिने मी बघत असताना तीनदा केलं.

मी समोरच्या टपरीवर कटिंग घेतला आणि मोबाईलमध्ये फिलिप्पैकरांस पत्र उघडलं. तेवढं एकच वचन पाठ होतं, पत्र सलग कधी वाचलं नव्हतं. चारच अध्याय आहेत, पंधरा-वीस मिनिटांत होतात. चहा गार झाला.

ते पत्र जेलमधून लिहिलेलं आहे हे मला माहीत होतं. रोमच्या की इफिसच्या, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण ते लिहिणारा प्रेषित पौल बेड्यांत होता एवढं तो स्वतःच सांगतो. माझ्या ध्यानात आलं नव्हतं ते वेगळंच. त्या काळच्या रोमी कैद्याचं खाणंपिणं, कपडेलत्ते बऱ्याच अंशी बाहेरच्या माणसांवर अवलंबून असायचं. कुणी आणलं तर आलं. फिलिप्पैच्या मंडळीने पौलासाठी एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर काही पाठवलं होतं, आणि हे पत्र त्याच्या पोचेचं आहे. तुम्ही पाठवलेलं मिळालं, मी भरून पावलो, असं तो शेवटच्या अध्यायात लिहितो. म्हणजे ज्याला सगळे 'आनंदाचं पत्र' म्हणतात ते मुळात जेलच्या रांगेतल्या पिशवीची पावती आहे!

मी रांगेकडे पाहिलं. बनियन परत पिशवीत गेली होती.

पुढे अजून आहे. पिशवी घेऊन आलेला हा एपफ्रदीत तिथे आजारी पडला, मरायला टेकला होता. पौल लिहितो, देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही, म्हणजे मला दुःखावर दुःख होऊ नये. मी तिथेच थांबलो. दुःखावर दुःख. म्हणजे एक दुःख होतंच, वर दुसरं नको होतं. हा 'सर्वदा आनंद करा' म्हणणारा माणूस. तिसऱ्या अध्यायात तर तो सरळ सांगतो की मी हे रडत रडत लिहितोय. त्या प्रवचनकारांनी आमच्या घरी ह्याच पत्राच्या चौथ्या अध्यायातली ती ओळ वाचून दाखवली होती. मागची दोन पानं त्यांच्या टॅबलेटमध्ये उघडली नसावीत.

आणि आनंद करा असं म्हणायच्या जरासं आधी काय आहे? भांडण. युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांचं फाटलंय, आणि पौल दोघींना नाव घेऊन विनवतो की एकचित्त व्हा. कशावरून फाटलं ते लिहिलेलं नाही. आमच्या महिला मंडळात बिर्याणीत बटाटा घालायचा की नाही यावरून दोन गट आहेत, तेव्हा मला फारसं कुतूहलही वाटलं नाही. पण आनंद कुठल्या गर्दीत उभा राहून म्हटला गेला ते कळलं. मराठीत 'करा' हे आदराचंही असतं आणि अनेकवचनीही. मी इतकी वर्षं ते मला एकट्याला उद्देशून वाचत होतो, माझ्या छातीत हात घालून, आहे का आनंद, आहे का, असं चाचपत. मुळात ते अनेकवचन आहे. मंडळीसमोर मोठ्याने वाचून दाखवायच्या पत्रात लिहिलेलं, भांडणाऱ्या बायकांसकट सगळ्यांना. एकट्याने छातीत शोधायचा तो नव्हताच. तो एकमेकांकडे पाठवायचा होता, नमस्कारासारखा, पिशवीसारखा.

दीड वाजता वकिलांनी सांगितलं की एक शिक्का राहिलाय, पुढच्या मंगळवारी या.

*

मला हे जानेवारीत कोर्टनाक्यावर कळलं. आईला डिसेंबरातच ठाऊक होतं.

पप्पा गेल्याला महिनाही झाला नव्हता आणि आईने नाताळच्या करंज्यांसाठी मैदा मळायला घेतला. माझी आत्या नगरहून आलेली, ती म्हणाली, "वहिनी, वर्ष तरी सरू द्या. लोक काय म्हणतील?" आमच्याकडे सुतक वगैरे पाळत नाहीत, पण घर मराठी आहे. धर्म बदलला तरी 'लोक काय म्हणतील' बदलत नाही. पहिल्या वर्षी सण करू नये, शेजाऱ्यांनी आणून द्यावं, ही रीत कुणी न सांगताही अंगात असते.

आई म्हणाली, "वाढदिवस आपला आहे का?"

आत्याला यावर बोलता येईना. आईने सारण केलं, सुकं खोबरं, खसखस, पिठीसाखर, वेलची. लाट्या मी केल्या. कातण फिरवायचं काम दरवर्षी पप्पांचं असायचं. फिटर माणूस, एकेक करंजी जॉबसारखी मापात कापायचे आणि उरलेली कड परत गोळ्यात टाकायचे, वाया नाही. त्या वर्षी कातण आत्याने घेतलं आणि पहिल्या चार करंज्या फुटल्या. तेल काळं झालं. आई कढईपाशी उभी राहून रडत होती आणि झारा फिरवत होती. दोन्ही कामं चालू होती, एकासाठी दुसरं थांबलं नाही. मग चकल्या, शंकरपाळे, आणि चोवीस तारखेला दुपारी डबे. जिन्यातले आठ ब्लॉक, खालचा वॉचमन, इस्त्रीवाला, गॅसवाला.

गॅसवाल्याला डबा देताना ती जरा थांबली. त्याने डबा घेतला, तोही जरा थांबला.

जुन्या करारात नहेम्याच्या आठव्या अध्यायात एक प्रसंग आहे. बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेत चौकात जमलेत, एज्रा त्यांना नियमशास्त्र वाचून दाखवतो, आणि ते ऐकून सगळे रडायला लागतात. तेव्हा त्यांना सांगितलं जातं की शोक करू नका, परमेश्वराचा आनंद हा तुमचा आश्रय आहे. हे शेवटचं वाक्य कॅलेंडरवर, गाडीच्या काचेवर, लग्नपत्रिकेवर सगळीकडे असतं. बहुधा त्या प्रवचनकारांच्या डोक्यातही तेच असणार. पण त्याच्या लगेच आधी जे सांगितलंय ते कॅलेंडरवर कुणी छापत नाही: जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काही तयार नाही त्यांच्याकडे वाटे पाठवा. म्हणजे रडणाऱ्या लोकांना नुसते चेहरे बदलायला सांगितलेलं नाही, हाताला काम दिलंय. डोळे पुसायला नंतर वेळ मिळेल, आधी वाटे भरा.

आईला मी हे दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "बरोबर आहे. चकलीचा डबा वेगळा ठेवावा लागतो मात्र, करंजीला वास लागतो."

*

आमच्या मंडळीला स्वतःचं चर्च नाही. रविवारची उपासना ऐरोलीतल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये होते. हॉल शनिवारी हळदी-साखरपुड्यांना जातो, आणि नवी मुंबईतली आगरी-कोळी हळद म्हणजे ती रात्री दोनच्या आत संपत नाही. सकाळी आठला आम्ही झाडू घेऊन जातो तेव्हा फरशीला पाय चिकटतात, कोपऱ्यात झेंडूच्या पाकळ्या, आणि मागच्या भिंतीवर थर्मोकोलची अक्षरं काढायची राहिलेली. कित्येकदा पाळकसाहेबांनी पश्चात्तापावर प्रवचन दिलंय आणि त्यांच्या डोक्यामागे सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह' लिहिलेलं. पप्पा खुर्च्या लावायला सगळ्यांच्या आधी जायचे. उरलेले फुगे ते फोडू द्यायचे नाहीत, शब्बाथ शाळेच्या पोरांसाठी सोडवून ठेवायचे.

दिवाळीच्या आसपास आमचा हंगामाचा सण असतो. गावाकडे लोक खरंच पिकातलं आणायचे, कणसं, कोंबडी, पायलीभर बाजरी. इथे ऐरोली-घणसोलीत कुणाचं शेत? तरी लोक आणतात. कुंडीतल्या मिरच्या, बाजारातले नारळ, घरचं लोणचं, एखादा केक. ते पुढे टेबलावर मांडतात, आभाराची प्रार्थना होते आणि उपासनेनंतर लिलाव. लिलाव पुकारायला आमच्याकडे एक रिटायर्ड बस कंडक्टर आहेत. बोली अडली की ते ओरडतात, "पुढे चला, पुढे चला! आतमध्ये भरपूर जागा आहे!" लिलावाची मजा अशी की घेतलेली वस्तू माणूस परत टेबलावर ठेवतो, पुन्हा लिलावाला. एका वर्षी एकच अंडं सात वेळा विकलं गेलं. सातव्या वेळी ते कुणाच्या तरी हातातून पडलं, आणि कंडक्टरकाकांनी टरफलाचाही लिलाव लावला.

भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून वाद घालणारे पप्पा लिलावात वेगळेच व्हायचे. टेबलावरची सगळ्यात बेढब, कुणी हात न लावलेली भाजी हेरायचे. वाकडा दुधी, एका बाजूने बसलेला भोपळा, जून भेंडी. आणि तिच्यावर एकशे एकावन्न लावायचे. "देणाऱ्याला वाईट वाटायला नको," एवढंच. घरी येऊन ती भाजी आईपुढे ठेवायचे, आणि आई म्हणायची, "आता याचं काय करू?"

२०१९च्या सणाला टेबलावर लाल भोपळा होता. एवढा मोठा, बुडाशी चपटा, एका अंगाला जखमेची वाळलेली खूण. मी तो पाहिला आणि मला कळलं की तो आपला आहे. आमच्याकडे पुरुष डावीकडे बसतात, बायका उजवीकडे, आणि हॉलच्या मधोमध दोन जाड खांब आहेत. कंडक्टरकाकांनी भोपळा उचलला. मी म्हटलं, "एक्कावन्न." खांबापलीकडून कुणीतरी म्हणालं, "एकशे एक." मी एकशे एकावन्न म्हटलं. पलीकडून दोनशे. मला राग आला. पप्पांचा भोपळा आहे, कोण ही बाई? मी अडीचशे म्हटलं, आणि म्हणताना आवाज फुटला. वर्षभर नीट न आलेलं रडू तिथे, भोपळ्यापायी, सगळ्यांदेखत आलं. कंडक्टरकाकांनी माझ्याकडे पाहिलं, पलीकडे पाहिलं, आणि त्यांना काय चाललंय ते कळलं. ते शांतपणे म्हणाले, "पुढे चला."

तीनशे. साडेतीनशे. चारशे. तोवर अर्धा हॉल हसायला लागला होता आणि मला कळेना की माझ्या रडण्याला का हसतायत. शेवटी पाचशे एक्कावन्नला कंडक्टरकाकांनी भोपळा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि पुकारा केला, "एकाच घरात दोन तिकिटं काढताय हो! मायलेकरांनी जरा खांबाच्या पुढे येऊन बघा!"

आई खांबामागून वाकून बघत होती. पदर तोंडावर, आणि तो हसल्याने धरलाय की रडल्याने, मला इथेही ओळखता आलं नाही.

खजिनदारांनी पावती फाडली. भोपळा मी खांद्यावर घेऊन घरी आणला. आईने सुरी परजली, सुरी लागेना, मग मी कोयता आणला. वाटे केले. समोरच्या काकू, वरचे तिघे, खालचे चौघे, वॉचमन. स्टीलचे डबे घेऊन मी जिने चढलो-उतरलो. पण आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, हे मी हिशेबात धरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून डबे परत यायला लागले. समोरच्या काकूंनी घारगे पाठवले. वरच्या मजल्यावरून भोपळ्याचं भरीत आलं, त्याच्या शेजारून भोपळ्याची खीर. तमिळ कुटुंबाकडून सांबार, त्यातही भोपळा. वॉचमनची बायको गावाहून आली होती, तिने मोहरी लावलेली भाजी दिली. आमच्याकडे उरलेला भोपळा होताच.

रात्री आईने फ्रिज उघडला. पाच कप्प्यांत सहा भोपळे. ती दार धरून उभी राहिली, फ्रिजवरच्या फ्रेमच्या बरोब्बर खाली, आणि म्हणाली,

"आनंदच आहे!"